सात पुंकेसरांचं फूल आणि धुऱ्यावरचं तण

ट्रायएंटॅलिस युरोपिया हे रानफूल नागपुरात काय, अख्ख्या भारतात उगवत नाही. ते स्वीडन, नॉर्वे, स्कॉटलंडच्या थंड जंगलांतलं. तिथून सायबेरियातून थेट जपानपर्यंत आणि समुद्रापलीकडे अलास्कातही. वीतभर दांडा, टोकाशी पानांचं वर्तुळ, त्यावर एखाददुसरं पांढरं फूल. पाकळ्या बहुतेकदा सात. फुलांत तीन, चार, पाच सर्रास सापडतात, सात फार क्वचित. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले, तेव्हा हे सात पुंकेसरांच्या वर्गात गेलं.

मी बी.एस्सी.च्या मुलांना ते आवर्जून सांगते, कारण त्याचं एक भावंड आपल्याकडे आहे. थंडीत काटोलकडच्या शेतांत, हरभऱ्याच्या धुऱ्यावर नखाएवढं निळं फूल येतं, ते अॅनागॅलिस अर्व्हेन्सिस. २००९ मध्ये मान्स आणि अँडरबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी डीएनएच्या आधारे या दोघांनाही लायसिमॅकिया या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं, म्हणून दोघांची नावं बदलली.

‘मॅडम, नावं कितीदा बदलणार?’ हे दरवर्षी ऐकते. मग निळं फूल भिंगाखाली ठेवायला लावते. पाच पाकळ्या, पाच पुंकेसर, पुंकेसरांच्या दांड्यांवर जांभळट लव. एरवी पाचास पाच असले की पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधोमध येतो. इथे तो बरोबर पाकळीच्या समोर उभा आहे. उत्तरेकडच्या त्या फुलातही तसाच. आपल्या वावडिंगातही तसाच, आणि वावडिंगाचं कुलही आता या दोघांचंच, प्रायम्युलेसी. पुंकेसर किती यापेक्षा ते कुठे उभे आहेत, हे नात्याबद्दल जास्त सांगतं. म्हणून हा बदल मला मनापासून पटतो. जुनं नाव मात्र मुलांना पाठ असायलाच हवं, नाहीतर जुन्या फ्लोरा, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची नोंद असलेले ग्रंथ, वाचता येणार नाहीत.

नातं एक, पण पसरण्याची रीत अगदी वेगळी. उत्तरेकडचं फूल जमिनीखाली बारीक धुमारे सोडतं, त्यांच्या टोकाला छोटे कंद धरतात आणि पुढच्या वर्षीचं रोप त्यातून येतं. असं इंचाइंचाने सरकणारं झाड जुन्या जंगलात टिकतं. आपल्या तणाचं गोल बोंड मात्र डबीच्या झाकणासारखं उघडतं, बी सांडतं, धान्यात मिसळतं. युरोपातून ते असंच शेतीबरोबर जगभर गेलं.

हे निळं फूल बघायचं असेल तर ऊन चढल्यावर जा. ढग आले किंवा दुपार कलली की फूल मिटतं आणि पुंकेसर दिसत नाहीत.