हंपीला निघालो आणि खानापूर तालुक्यात अडकलो

एकट्यानं गाडी चालवायचं सुख म्हणजे मागून कोणी "अजून किती लांब?" विचारत नाही, त्यामुळे निपाणी सोडल्यावर मनात येईल तिथं गाडी वळवत गेलो. मूळ प्लॅन पुणे ते हंपी, मध्ये हुबळीला मुक्काम, बास.

बेळगावात हायवे सोडून किल्ल्यात शिरलो. आत मिलिटरीचा एरिया आहे, कॅमेरा काढायच्या आधी विचारून घ्या. कमल बस्ती मात्र अजिबात सोडू नका. 1204 सालचं, रट्ट राजांच्या काळातलं जैन मंदिर, मंडपात उभं राहून वर बघितलं की छतातून खाली उतरलेलं दगडी कमळ दिसतं, मान दुखेपर्यंत बघत होतो. बाहेर चहा घेताना एक काका म्हणाले, "हंपीला जाणार न्हवं? मग हलशी बघून जावा की, खानापूरवरनं फिरून कित्तूरला निघतंय बघा." ऐकलं.

आणि बरं झालं ऐकलं. खानापूर 25-26 किमी, पुढं नंदगड. गावाबाहेर इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाची समाधी आहे, 26 जानेवारी 1831 ला इंग्रजांनी त्याला इथंच फाशी दिली. मूल व्हावं म्हणून लोकांनी बांधलेले छोटे लाकडी पाळणे तिथं लटकतात, फाशीच्या जागेवर पाळणे, बघून जरा गलबलून आलं.

हलशी आज साधं खेडं, पण बनवासीच्या कदंब राजांच्या काळात पलाशिका नावाची राजधानी होती. भूवराह नरसिंह मंदिर नंतरचं, गोव्याच्या कदंबांचं, शिलालेखात 1169 साल येतं. दोन गाभारे समोरासमोर, म्हणजे वराहाला हात जोडले की दुसऱ्या देवाकडे पाठ होते, मी आपला दोन्हीकडे फिरून फिरून नमस्कार करत बसलो. हे देऊळ परमर्दी शिवचित्त राजाच्या काळातलं, आणि त्याच्या राणीचं, कमलादेवीचं, कमल नारायण मंदिर कित्तूरजवळ देगावला! नवरा-बायकोची देवळं एकाच वाटेवर आणि आपण दरवेळी हायवेवरून सुसाट निघून जातो. देगावला तीन गाभारे एका रांगेत आहेत. कोरीवकाम माझ्या मते हलशीपेक्षा सरस, भांडायचं असेल तर आधी दोन्ही बघून या.

हलशीहून बिडीवरनं कित्तूर. वाड्याच्या पडक्या भिंती, न्हाणीघरं फिरून बघता येतात. 23 ऑक्टोबर 1824 ला कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या सैन्यानं इंग्रज कलेक्टर थॅकरेला मारलं ते इथंच, आणि रायण्णा तिचाच माणूस, त्यामुळे नंदगड आधी बघितलं तरी धागा नीट जुळतो. चन्नम्माची समाधी बैलहोंगलला आहे, ती राहिली.

जाणार असाल तर बेळगावातून सकाळी लवकर निघा आणि टाकी तिथंच फुल करा. खानापूरच्या पुढं रेंज जाते येते, मॅप आधी डाउनलोड करून ठेवा. खानापूर, नंदगड, हलशीत मराठी बिनधास्त चालतं, कित्तूरकडे कन्नड, तिथं "देगाव एल्ली?" एवढं विचारलं तरी लोक हातानं रस्ता दाखवतात. पावसाळ्यात हिरवंगार असतं पण पाऊसही तसाच झोडपतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. कित्तूरहून धारवाड 30 किमीच्या आसपास, अंधाराआधी हायवेला लागलात तर जेवायला आरामात पोचता.