शनिवारचा खाऊ

स्वीडनमधल्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात शिरा, एक अख्खी भिंत गोळ्यांची असतेच. वरपासून खालपर्यंत पारदर्शक झाकणांचे खण, प्रत्येकात छोटा डाव, शेजारी कागदी पिशव्या. जेलीचे मासे, कवट्या, साखर लावलेल्या आंबट पट्ट्या, चॉकलेटात बुडवलेलं काहीबाही. काहीही उचला, भाव किलोवर आणि सगळ्यांना एकच. शनिवारी या भिंतीपुढे पोरांची झुंबड उडते.

या खाऊला तिथं 'लर्दाग्सगूदिस' म्हणतात, शनिवारचा गोड खाऊ. आठवडाभर गोळ्या-चॉकलेटं बंद. शनिवारी मात्र पिशवी भरून, आणि तीही आपल्या हातानं. ही पोरं बघत उभं राहायला मला फार आवडतं. खाताना ती पोरंच असतात, निवडताना मात्र पक्के व्यापारी. पैसे मोजून मिळालेले. त्यामुळे मुरलेलं पोर जेलीच्या जड बाटल्यांकडे ढुंकून बघत नाही; फुगीर, फेसाळ गोळ्यांवर डाव मारतं. वजन कमी, पिशवी गच्च! आईबाप मागं उभे राहून घड्याळ बघतात, पण मधे पडत नाहीत. निवडीवर हुकूमत पोराचीच.

इतकी गोजिरी पद्धत कुणा प्रेमळ आजीनं घातली असेल असं वाटतं. तसं नाही. 1930 च्या दशकात स्वीडिश लोकांचे दात फारच वाईट होते. 1938 मध्ये सरकारी दंतसेवेचा निर्णय झाला, पण दात नेमके किडतात कशानं, याबद्दल खात्रीनं सांगता येत नव्हतं. ते शोधायला 1940 च्या दशकात लुंडजवळच्या वीपेहोल्म या संस्थेत प्रयोग सुरू झाले. तिथं मतिमंद माणसं ठेवलेली होती. त्यांना मुद्दाम बनवलेल्या चिकट टॉफ्या चारल्या, दोन जेवणांच्या मधे, दिवसाला चोवीसपर्यंत. साखर आणि चॉकलेटच्या धंद्याचाही पैसा यात होता. ज्यांच्या तोंडात हे चाललं होतं त्यांना कुणी विचारलं नाही. कित्येकांचे दात कायमचे गेले.

निष्कर्ष मात्र पक्का निघाला: साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती चिकटून राहिली, हे महत्त्वाचं. मग 1950 च्या दशकाच्या अखेरीस लोकांना सल्ला मिळाला, की गोड खायचं तर आठवड्यातून एकदाच, हवं तेवढं. झालं, शनिवार ठरला. भिंतीपुढच्या पोरांना यातलं काही ठाऊक नसतं. मला ठाऊक झाल्यापासून टॉफीच्या खणाशी हात जरा अडखळतो, एवढं खरं.

मोठी माणसं हा नियम पाळतात असं मात्र समजू नका. बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून परतणारे गृहस्थ त्याच भिंतीपुढे, तोच डाव घेऊन, अंमळ घाईनं पिशवी भरताना दिसतात. ईस्टरला तर सगळेच नियम रजेवर जातात: पुठ्ठ्याची मोठाली रंगीत अंडी, आत गोळ्या ठासून.

आणि त्या भिंतीवर एक काळा कोपरा असतो. ज्येष्ठमधाच्या गोळ्या म्हणून कुणीही बिनधास्त तोंडात टाकेल, कारण ज्येष्ठमध तर आपल्या आजीच्या बटव्यातला. पण यातल्या खारट जातीत चव असते ती अमोनियम क्लोराइडची. म्हणजे चक्क नवसागर! कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकतो आणि भपकन पांढरा धूर निघतो, तोच. ती गोळी पाहुण्याला द्यायची आणि त्याचा चेहरा बघत बसायचं, हा स्वीडिश यजमानांचा आवडता उद्योग. माझ्या यजमानांनीही तो पार पाडला. डोळ्यांत पाणी आलं, जीभ आकसली, पण मी नेटानं ती संपवली आणि सभ्यपणे म्हटलं, "वेगळी आहे."

तेवढ्यावर ते इतके खूश झाले, की आतून लगेच दुसरी पिशवी आली. दुप्पट खारट.