हाफ तिकिटात वऱ्हाड: लोणार, शेगाव, चिखलदरा

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, कपाशीचा पहिला वेचा घरात आला की आमच्या कारंजाकडच्या घरांना जराशी उसंत मिळते. पोरांच्या दिवाळीच्या सुट्याही थोड्या उरलेल्या असतात. यंदा तेवढ्यात कुठं तरी जायचंच, असं घरात ठरलं. काश्मीर निघालं, केरळ निघालं, राजस्थान निघालं. पण देश एवढा अफाट, की एका टोकाला जायचं तर सुटीतला मोठा भाग जाण्यायेण्यातच जातो. त्यात रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. आम्ही सहा जणं: सासूबाई, हे, मी, जाऊबाई आणि दोन पोरं. नुसत्या तिकिटांचा आकडा पाहूनच सगळे गप्प झाले.

सासूबाई म्हणाल्या, "कायले एवढ्या दूर जाता बाप्पा? आपल्याच इकडचं म्या कुठी पायलं?" खरंच होतं ते. जन्म वावरात गेला आणि लोणारचं सरोवर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिथंच आमचं ठरलं.

मग आम्ही ठिकाणांच्या आधी तिकिटांचा हिशेब मांडला, आणि माझं सगळ्यांना हेच सांगणं आहे. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या पोरांनाही अर्धं. म्हणजे सहा जणांत पूर्ण तिकीट एकट्या ह्यांचं! बाकी चौघांची मिळून दोन, सासूबाईंचं शून्य. सहा माणसांचा प्रवास तीन तिकिटांत होतो. ही सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच चालते, म्हणून पूर्ण बेत महाराष्ट्रातच बसवला. आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा, आणि मोफतवाल्यांनीही कंडक्टरकडून शून्य रुपयाचं तिकीट मागून घ्यावं. घरात सवलतवाले कमी असतील तर डेपोत 'आवडेल तेथे प्रवास' पासची चौकशी करा. तो चार आणि सात दिवसांचा मिळतो.

कारंजाहून मालेगाव (आपल्या वाशिम जिल्ह्यातलं), मेहकर, सुलतानपूर असा सरळ रस्ता आहे. सुलतानपूरला उतरून लोणार जवळच. मुक्काम तिथं करा, धावतपळत पाहू नका. सरोवर सकाळीच पाहावं, ऊन चढलं की खाली उतरलेल्याला वर येणं जड जातं. उल्का आदळून काळ्या बेसाल्ट खडकात पडलेलं हे विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी खारं आणि क्षारयुक्त, काठावर जुनी देवळं, आणि उतारावर असं दाट रान की मोर ओरडतो तो दिसत नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, ते पोरांनी मोबाईलवर पाहिलेलं, म्हणून आधी जरा हिरमुसली. मग गाइडनं लोहचुंबक काढून मातीतले काळे कण उचलून दाखवले, तेव्हा तासभर तीही मातीतच बसली. त्याच २०२० साली हे सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली उतरू नये. सासूबाई जाऊबाईंसोबत वर काठावर बसल्या आणि नंतर 'धार' नावाच्या झऱ्यावर गेल्या. तिथलं पाणी बारमाही वाहतं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका. त्याच्या भिंतींवरची शिल्पं पाहायला मला आणखी एक सकाळ मिळाली असती तर बरं झालं असतं. खाली जाताना प्रत्येकाची पाण्याची बाटली आणि जाड तळाची चप्पल हवीच.

लोणारहून सिंदखेडराजा. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा वाडा पाहायला अर्धा दिवस पुरतो. १२ जानेवारीच्या आसपास मात्र तिथं अलोट गर्दी असते. शांतपणे पाहायचं असेल तर ते दिवस टाळा.

परत मेहकर, मग खामगाव, मग शेगाव. राहण्याचा आणि जेवणाचा सगळ्यात स्वस्त आणि स्वच्छ मुक्काम हाच. गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात खोली घेताना ओळखपत्र लागतं. गुरुवार, रविवार आणि एकादशी सोडून जा. महाप्रसादाची पंगत इतकी शिस्तीत बसते की पोरांनी ताटात कण ठेवला नाही. शेगाव मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे, म्हणून नागपूर, वर्धेकडच्यांनी रेल्वेनं इथं येऊन आमचा मार्ग उलटा करावा. स्टेशनजवळची गरम कचोरी खाऊनच निघा.

शेगाव ते परतवाडा अकोट, अंजनगाव मार्गे जाता येतं. ३० डिसेंबर १८०३ ला इंग्रज आणि शिंदे यांचा तह झाला ते हेच अंजनगाव. त्याआधी पंधरवड्यावर इंग्रजांनी गाविलगड किल्ला घेतला होता, आणि तो गाविलगड आम्ही चिखलदऱ्याला पाहिला. इतिहासाच्या पुस्तकातली दोन नावं अशी एका दिवसात एसटीच्या खिडकीतून जुळली, म्हणून मला तो रस्ता फार आवडला.

चिखलदरा सातपुड्यात, हजार मीटरच्या वर. खाली घामटं आणि वर स्वेटर, असं होतं. शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव चढतात, सोमवार ते गुरुवार बरे. पॉइंट पाहायला जीप दुसऱ्या एखाद्या कुटुंबासोबत मिळून ठरवा, भाडं निम्म्यावर येतं. भीमकुंड आणि गाविलगड एवढं नीट पाहिलं तरी पुष्कळ. मेळघाटची सफारी आम्ही घेतली नाही. सहा जणांचा तो खर्च बाकीच्या बेताला गिळून टाकणारा होता.

निघताना दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा सोबत घ्या. वाटेवरच्या निम्म्या जेवणांची सोय होते. घाटातून खाली येणाऱ्या शेवटच्या बसची वेळ वर पोचल्या पोचल्या स्टँडवर विचारून ठेवा. परतवाड्याला उतरलं की पुढं अमरावतीच्या गाड्या मिळतात.