तुम्ही विचारलंत म्हणून: लवंग ठेवली की कसर लागत नाही का?

लोकरीच्या कपड्यांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. लवंग, कडुलिंबाचा पाला, लव्हेंडर, देवदाराचा तुकडा, नक्की काय ठेवू? डांबरगोळ्या नकोत म्हणता ते बरोबरच आहे, त्यातून निघणारी वाफ आपण श्वासात घेतो आणि लहान बाळांना तर ती जास्तच घातक. पण खरं सांगू का, नुसत्या वासावर भिस्त ठेवून मी एक स्वेटर घालवलाय.

मरून रंगाचा होता. वर लव्हेंडरची पुरचुंडी, वास मस्त घमघमतोय, आणि घडी उलगडली तर कॉलरच्या आतल्या बाजूला तीन भोकं. नीट बघितलं तर शिवणीत तांदळाएवढी एक नळी चिकटलेली, तीही मरून! अळीने माझ्याच स्वेटरची लोकर काढून स्वतःला झबलं शिवलं होतं. बाजूला रव्यासारखे कण, ते पण मरून, म्हणजे तिची शी. खाल्लेल्या लोकरीचा रंग त्यात उतरतो ना.

तेव्हा वाचून कळलं की ही कसर म्हणजे एका छोट्या पतंगाची अळी. कपडे खातो तो पतंग नाहीच, त्याला खायला धड तोंडच नसतं. खाते ती अळी. लोकर, पिसं, फर यातलं केराटिन नावाचं प्रथिन तिला पचतं, रेशीमही सोडत नाही. स्वच्छ सुती कपड्याला सहसा हात लावत नाही. (सुती कपडे आणि कागद कुरतडणारी ती चंदेरी वळवळणारी कसर वेगळी, आपण दोघींना एकच नाव देऊन ठेवलंय.) आणि दिव्याभोवती फिरणारे पतंग बघून घाबरू नका, कपड्यांचा पतंग उजेडापासून पळतो, जेमतेम अर्धा-पाऊण सेंटीमीटरचा, सोनेरीसर, कपाट उघडलं की घडीत शिरणारा.

मग कॉलरच का खाल्ली? कारण मी तो दोनदा घालून न धुताच ठेवला होता. घाम, तेलकटपणा, सांडलेल्याचा डाग, अळीला हे सगळं लोकरीबरोबर तोंडी लावायला लागतं. म्हणून माझं उत्तर कंटाळवाणं आहे, आधी धुवा, पूर्ण वाळवा, मगच ठेवा, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत ठेवा. अधूनमधून बाहेर काढून झटका, कॉलर, काखा, खिसे, शिवणी ब्रशने झाडा. अंडी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतात, दिसणार नाहीत, पण ब्रशने पडतात. कपाटाचे कोपरे आणि फटी व्हॅक्यूमने ओढून घ्या, तिथे साठलेले केस आणि धूळ खाऊनसुद्धा अळ्या जगतात.

लागलीच असेल तर फ्रीझर! कपडा पिशवीत घालून हवा दाबून काढायची आणि उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, घरातल्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कपड्यावर पाणी धरतं. ज्या कपड्याला उष्णता चालते त्याला ५५ अंशांच्या वर अर्धा तास पुरतो, लोकरीला मात्र गरम पाण्यात घालू नका, आटून बाहुलीचा होईल.

आणि वासाच्या वस्तू? ठेवा की, मीही ठेवते, पतंग थोडाफार लांब राहत असेल. पण आत आधीच असलेली अंडी आणि मोठ्या अळ्या त्याने मरत नाहीत आणि वास उडाला की काहीच उरत नाही. देवदाराचा तुकडा असेल तर त्याला पॉलिश पेपर घासा, वास पुन्हा येतो. पुरचुंडी थेट रेशमावर ठेवू नका, तेलाचा डाग पडला की तो निघता निघत नाही.

तो मरून स्वेटर दोन आठवडे फ्रीझरमध्ये राहून आला. रफू करायचा अजून राहिलाय, कॉलर दुमडून घालते.