आईच्या खोलीचे दहा सेंटीमीटर

परवानगीसाठी दिलेला नकाशा परत आला, त्यावर एकच शेरा होता: खोलीची रुंदी व क्षेत्रफळ कमी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला जिना चढवेना, म्हणून परसात तिच्यापुरती एक खोली आणि त्याला लागून संडास-बाथरूम बांधायचं ठरवलं होतं. खोली 2.3 बाय 4 मीटर, म्हणजे 9.2 चौरस मीटर. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे (2016) राहायची खोली एकच असेल तर ती किमान 9.5 चौरस मीटर हवी, रुंदी किमान 2.4 मीटर.

दहा सेंटीमीटरसाठी अडवलं म्हणून रागच आला. ओळखीतले एक जण म्हणाले, "कागदावर स्टोअर दाखवा की, कोण बघायला येतंय?" आई जिथे दिवसरात्र राहणार, ती जागा अडगळीची म्हणून लिहून द्यायला मन धजेना.

त्या संध्याकाळी परसातल्या फरशीवर खडूने खोली आखली. एका बाजूला तीन फुटी पलंग, समोर कपाट. आईला वॉकर घेऊन मधून चालायला सांगितलं. सरळ जाताना ठीक होतं, पण बाथरूमकडे वळताना वॉकरचा पाय दर वेळी कपाटाच्या रेघेवर पडायचा. तिसऱ्या वेळी ती दमून पलंगाच्या चौकटीतच खुर्ची मागवून बसली. माझा राग तिथेच गेला. तो आकडा कुणीतरी माणसाच्या अंगाचं माप घेऊनच ठरवला असणार, असं मला मनापासून वाटलं.

पण जागा आणायची कुठून? बाथरूममधून घेता येईना. संडास-बाथरूम एकत्र असेल तर 2.8 चौरस मीटर आणि 1.2 मीटर रुंदी लागते, आमची रुंदी नेमकी तेवढीच होती. बाहेरची भिंत सरकवली तर शेजारच्या हद्दीकडे सोडायची जागा कमी पडत होती.

मार्ग इंजिनिअर ताईंनी काढला. स्लॅबचा भार कॉलम-बीमवर आहे, मग मधली भिंत नऊ इंची कशाला? साडेचार इंची केली की साडेअकरा सेंटीमीटर सुटतात. पातळ भिंतीत पाइपसाठी खाचा मारायच्या नाहीत म्हणून नळ त्यांनी बाहेरच्या भिंतीवर घेतले. खोली झाली 2.415 बाय 4, म्हणजे 9.66 चौरस मीटर. हा हिशोब प्लास्टर धरून होता. सुधारलेला नकाशा मंजूर झाला.

प्लास्टर वाळल्यावर गवंडीदादांनी टेपचं एक टोक धरलं, दुसरं मी. 2.41 भरलं. आई दारात वॉकर टेकून उभी होती. "आता कपाट ठेवून दाखव," म्हणाली.