अलकापुरी पायी बघायची असेल तर

बडोद्याच्या स्टेशनला दोन दारं आहेत. पूर्वेच्या दारातून बाहेर पडलं की सयाजीगंज, विद्यापीठाचा घुमट, पुढे विश्वामित्री आणि नदीपलीकडे रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला आम्ही बडोदेकर हमखास तिकडेच नेतो. आपले वाडे, आपली देवळं, आपले गणपती त्या बाजूला. पश्चिमेचं दार अलकापुरीत उघडतं. तिथे पाहुणा जातो तो हॉटेलात उतरायला किंवा खरेदीला. माझं म्हणणं असं, की शहर कसं वाढतं आणि वाढताना कुठे अडतं हे शिकायचं असेल तर बडोद्यात अलकापुरीइतकी चांगली जागा नाही. एक सकाळ मोकळी ठेवा आणि ती पायीच बघा.

सकाळ म्हणजे रविवारची, सातच्या सुमाराची. कारण साधं आहे. दहानंतर शटर उघडतात, गाड्या लागतात, पाट्या चमकायला लागतात आणि मग फक्त दुकानं दिसतात. सात वाजता प्लॉट दिसतात. इमारत रस्त्यापासून किती मागे आहे, शेजारच्या दोन घरांत किती अंतर आहे, जुनी कंपाउंड वॉल कुठे तोडली आहे, हे सगळं उघडं असतं. अलकापुरीचा इतिहास तिच्या प्लॉटमध्येच आहे.

स्टेशनाच्या पश्चिमेहून रेसकोर्सकडे सरळ जातो तो आर. सी. दत्त रोड. हे दत्त म्हणजे रमेशचंद्र दत्त. आयसीएस, १८९९च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष, हिंदुस्थानच्या आर्थिक लुटीचा हिशेब मांडणारे अर्थतज्ज्ञ. सयाजीराव महाराजांनी त्यांना महसूल मंत्री म्हणून बडोद्यात आणलं, १९०९ साली ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बडोद्यातच वारले. या रस्त्यावर आज बँका आणि शोरूम आहेत. अर्थशास्त्रज्ञाचं नाव त्याला शोभतं. आतल्या बाजूची संपतराव कॉलनी हे नाव महाराजांचे बंधू संपतराव गायकवाड यांचं. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात ज्या पुस्तकांपासून झाली, त्यांत यांचा खासगी संग्रह होता. आणि रेसकोर्स म्हणजे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान. शर्यती गेल्या, नाव राहिलं.

रुळांच्या पश्चिमेला शहर वाढलं ते सोसायट्यांमधून. सहकारी सोसायटीने जमीन घ्यायची, आखणी करायची, रस्ते सोडायचे, सभासदांना प्लॉट द्यायचे. अरुणोदय सोसायटीसारख्या गल्लीत शिरलात की ही आखणी अजून वाचता येते. काटकोनात जाणारे रस्ते, एका आकाराचे प्लॉट, पुढे बाग, बाजूला गाडी आत नेण्याएवढी जागा, मागे नोकराची खोली. बुटकी कंपाउंड वॉल, लोखंडी फाटक, कुंपणाला लागून आसोपालव, ओसरीवर हिंचका म्हणजे झोपाळा आणि गच्चीवर जाणारा बाहेरचा जिना. पोळातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्लीतल्या, घराला भिंतीला भिंत. इथे चारही बाजूंनी मोकळी हवा. दांडिया बाजारातल्या वाड्यातून इकडे राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना हा बदल केवढा वाटला असेल, हे त्या ओसऱ्या बघून कळतं.

या बंगल्यांना माणसं मिळाली ती कारखान्यांमुळे. औषधं आधीपासून होती. अलेंबिक १९०७चं, गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या तिघांचं काम, त्यात कोटीभास्कर आपले. साराभाई केमिकल्स १९४३चं, वडीवाडीत. पण शहराची चाल बदलली ती साठच्या दशकात. अंकलेश्वरला तेल लागलं, कोयलीला रिफायनरी आली, खतांसाठी जीएसएफसी आली, १९६९ साली पेट्रोकेमिकल्सच्या आयपीसीएलची स्थापना झाली. गुजरात राज्य झाल्यावर वीज मंडळाचं मुख्यालय बडोद्यात राहिलं. रेसकोर्सवरचं सरदार पटेल विद्युत भवन ते हेच. २००५ साली मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, पण ऑफिसं तिथेच. बँक ऑफ बडोदा १९०८ साली मांडवीत सुरू झाली, आज तिचं प्रधान कार्यालय आर. सी. दत्त रोडवर बडोदा भवनात आहे. मांडवीपासून बडोदा भवनापर्यंतचं अंतर म्हणजे शहराचं वजन पूर्वेकडून पश्चिमेकडे कसं सरकलं त्याचा नकाशाच.

अधिकारी, इंजिनियर, बाहेरगावाहून येणारे सप्लायर या सगळ्यांना स्टेशनाजवळ उतरायला जागा हवी होती. म्हणून हॉटेलं आली. हॉटेलाशेजारी ट्रॅव्हल एजंट, बँक, मग साड्या, सराफ, चांगली खाण्याची हॉटेलं आणि त्यांच्यामागे ब्रँडची शोरूम. म्हणून व्यापार आधी आर. सी. दत्त रोडवर, मग जेतलपूर रोड आणि प्रॉडक्टिव्हिटी रोडवर पसरला. आतल्या गल्ल्या बऱ्याच काळ सुटल्या.

बंगल्याचं दुकान एका दिवसात होत नाही. रस्त्याच्या एका बाजूने चालत गेलात तर सगळ्या पायऱ्या ओळीने बघायला मिळतात. पहिली पायरी: पुढची खोली. डॉक्टर किंवा सीए घरातच बसतो. फाटकावर पितळी पाटी, बाकी काही बदलत नाही. दुसरी: गॅरेज. गाडी रस्त्यावर येते आणि गॅरेजमध्ये बुटीक किंवा क्लास सुरू होतो; गॅरेजचं दार काढून काच बसवलेली दिसली की समजावं. तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची, कंपाउंड वॉल जाते. बागेच्या जागी पेव्हर ब्लॉक बसतात आणि पुढचं मार्जिन, म्हणजे घरासमोर सोडलेली मोकळी जागा, गिऱ्हाइकाचं पार्किंग होतं. चौथीत घरमालक निघून जातो, अख्खा बंगला भाड्याने जातो; वरच्या मजल्यावर मात्र अजून घराच्या खिडक्या, न्हाणीघराची बारकी जाळी, गच्चीचा जिना तसाच. अशी इमारत दिसली की दोन मिनिटं थांबाच. पाचवी पायरी म्हणजे पाडकाम, तळघर आणि वर मजले.

हे का होतं, याचं उत्तर फक्त पैसा नाही. चार भावंडांच्या नावावर एक बंगला, दोघं परदेशात. अशा प्लॉटचे चार तुकडे करून चालत नाहीत, विकून वाटणी करणं सोपं. त्यात नियमांचा ओढा. आज बडोद्याच्या साध्या रहिवासी झोनमध्ये मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) १.८ आणि जादा पैसे भरून २.७ पर्यंत जातो. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ९०० आणि पैसे भरले तर १,३५० चौरस मीटर बांधकाम. जुना बंगला त्याच्या कितीतरी कमी जागेत बसलेला असतो. तो उभा ठेवणं म्हणजे दर वर्षी सोडून दिलेला पैसा. पण किती उंच बांधायचं आणि दुकान काढता येईल की नाही, हे समोरचा रस्ता किती रुंद त्यावर ठरतं. म्हणून मोठ्या रस्त्यावरचा आणि कोपऱ्यावरचा प्लॉट आधी जातो, आणि त्याच सोसायटीतला चार घरं आतला बंगला हिंचक्यासकट टिकतो. पन्नास पावलांत दोन वेगळी शहरं दिसतात ती यामुळे.

बिघडतं कुठे, तेही बघून घ्या. तळघर पार्किंगसाठी मंजूर होतं आणि पुष्कळ ठिकाणी गोदाम होतं. मग गाड्या रस्त्यावर. सीमेच्या भिंतीलगत तळघर खणलं की शेजारच्या आसोपालवाची मुळं तुटतात. झाड लगेच पडत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत वाळतं किंवा वाऱ्यात आडवं होतं. वरच्या मजल्यांवर क्लास भरतात आणि जिना एकच. २०१९ साली सुरतेला तक्षशिला इमारतीला आग लागून क्लासमधली मुलं गेली, तेव्हापासून गुजरातभर फायर एनओसीची, म्हणजे अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याची, तपासणी कडक झाली. अलकापुरीत नव्याने लावलेले बाहेरचे लोखंडी जिने दिसले तर त्यामागे हे दुःख आहे, हे लक्षात असू द्या.

आता गरनाळं. अलकापुरी आणि सयाजीगंज यांना जोडणारा रुळांखालचा हा रस्ता स्टेशनाला लागूनच आहे आणि पावसाळ्यात बातम्यांत असतो. कारण बघायचं असेल तर तिथेच उभं राहून जमिनीचा उतार बघा. पाणी जायचं आहे पूर्वेला, विश्वामित्रीकडे. मध्ये रेल्वेचा भराव, म्हणजे आडवा बांध. त्या बांधाखालून जाणारा रस्ता हा आजूबाजूचा सगळ्यात खोल भाग, म्हणून पाणी तिथेच जमतं. पूर्वी बागा काही पाणी पोटात घेत. आता पेव्हर ब्लॉक, कोबा आणि डांबर, म्हणजे पडलेलं जवळपास सगळं पाणी काही मिनिटांत रस्त्यावर. पंप लावतात, पण पंपाने उपसलेलं पाणी शेवटी कांसातून, म्हणजे पावसाळी नाल्यातून, नदीतच जायचं, आणि नदी भरलेली असली की ते मागे दाटतं. रस्ता उंच करावा तर वरच्या रुळांमुळे वाहनांना उंची पुरत नाही; रुंद करावा तर मुंबई-दिल्ली मार्गावरच्या गाड्या थांबवून काम करावं लागतं. बंगल्यांच्या वस्तीसाठी पुरेसं असलेलं भोक आज व्यापारी पेठेची रहदारी आणि पाणी दोन्ही वाहतं. २०१९च्या ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६ फूट. अशा दिवसांत पूर्व-पश्चिम जाणं येणं म्हणजे फक्त पूल.

म्हणून जुलै ते सप्टेंबर येणार असाल आणि तासभर जोराचा पाऊस झाला असेल, तर रिक्षावाल्याला आधीच सांगा, ‘जेतलपूर ब्रिज परथी लई लो’. तोही बंद वा तुंबलेला असेल तर उत्तरेला पंड्या ब्रिज, दक्षिणेला अकोटा-दांडिया बाजार पूल. गाडी पकडायची असेल तर अर्धा तास हाताशी ठेवा, आणि पूर्वेला उतरून पश्चिमेला जायचं असेल तर रिक्षा करण्यापेक्षा स्टेशनाच्या पादचारी पुलावरून या.

आर. सी. दत्त रोड रेसकोर्सपाशी संपतो तिथे डोक्यावरून अटल ब्रिज जातो. गेंडा सर्कलपासून मनीषा चौकडीपर्यंत साडेतीन किलोमीटर, डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला. लांब जाणारी वाहनं वरून जातात, खरेदीची आणि ऑफिसची खालून; रस्ता ओलांडायचा तर सर्कलपाशीच ओलांडा, खांबांमधून शिरू नका. वासणा, भायली, गोत्रीकडच्या नव्या पेठा याच वाटेने अलकापुरीकडून गिऱ्हाईक ओढून घेत आहेत. मला ते वाईट वाटत नाही. आतल्या गल्ल्यांवरचा भार त्याने थोडा हलका झाला तर होऊ दे.

पाय शाबूत असतील तर उत्तरेला गेंडा सर्कलपर्यंत जा. साराभाईंच्या कारखान्याच्या जागेवर आता ऑफिसं आणि दुकानं आहेत. तिथे प्लॉट मोठा, मालकी एकत्र, म्हणून आत रुंद रस्ते आणि पार्किंग सोडता आलं. अलकापुरीत शंभर मालकांनी शंभर वेळा वेगवेगळं ठरवलं. एकाच भागातली ही दोन उदाहरणं नगररचना शिकणाऱ्या मुलांना शेजारीशेजारी दाखवायला हवीत.

वेळ कमी असेल तर गेंडा सर्कल सोडा आणि प्रॉडक्टिव्हिटी रोडने अकोट्याला उतरा. लोक अकोट्याला नवं उपनगर समजतात. प्रत्यक्षात हे प्राचीन अंकोट्टक, बडोदे शहराहून जुनं. १९५१च्या सुमारास इथे जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला, साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातला. त्या मूर्ती सयाजीबागेतल्या संग्रहालयात आहेत. अकोट्याहून रिक्षाने पूल ओलांडून आधी दांडिया बाजाराकडे जा, सेव-उसळ खा आणि मग सयाजीबाग गाठा. निघण्यापूर्वी संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार मात्र विचारून घ्या.