बिल कितीचं करू?

शनिवार, रात्री पावणेबारा

गॅदरिंगच्या सगळ्या पावत्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या. डबा दोनदा घासला होता, तरी पावत्यांना वेलचीचा वास लागलाय. सोमवारी सरांकडे जमाखर्च द्यायचा आहे आणि ३४० रुपयांचा हिशेब लागत नाहीये. तीनदा बेरीज केली. एकदा खालून वर, एकदा वरून खाली, एकदा मोबाईलवर. तिन्ही वेळा ३४० कमीच.

मी कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेची खजिनदार झाले ती बी.कॉम.ला आहे म्हणून. दुसरं काही कारण नाही. बाबा सांगतात, त्यांच्या वेळी कॉलेजात पॅनल उभी राहायची, भिंती रंगायच्या, डोकीही फुटायची. नव्वदच्या दशकात त्या निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गात पहिल्या येणाऱ्याला प्रतिनिधी केलं. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, पण आमच्याकडे अजून सर वर्गात येऊन ‘तू, तू आणि तू’ असंच करतात. म्हणजे मला कुणी निवडून दिलेलं नाही. तरी १,२४० पोरांचे शंभर-शंभर रुपये माझ्या वहीत आले. एक लाख चोवीस हजार. त्यातल्या निम्म्यांना परिषदेला खजिनदार असतो हेही माहीत नसेल.

सगळ्यात आवडतं व्हाउचर फुलवालीचं आहे. राजवाड्याजवळ बसते ती. हार, गुच्छ आणि सुटी फुलं मिळून ६४० रुपये. तिच्याकडे बिलबुक कुठलं असणार? मी कोरं व्हाउचर घेऊन गेले, तिच्यासमोर भरलं आणि सही मागितली. “पैसं मिळालं की. सही कशाला?” म्हणाली. मी म्हटलं, मावशी, मी तुम्हाला दिले हे मलाच सिद्ध करायचंय. मग तिने ओल्या हाताची बोटं पदराला पुसली आणि एकेक अक्षर सुटं काढत नाव लिहिलं. गिऱ्हाईक थांबलं होतं, त्यालाही थांबवलं. शेवटच्या अक्षरावर पाण्याचा थेंब पडून शाई फुटलीय. ढोलकीवाल्या काकांची पावतीही छान आहे. ६,००० मानधन. पाच हजारांच्या वर रोख म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावलं, तर त्यांनी स्टॅम्प वाचवून बाजूला सही केली. “तिकिटावर कशाला खराब करायची!” परत करून घेतली.

वाटणीची मीटिंग मात्र आठवली तरी डोकं तापतं. सांस्कृतिकवाल्याला साउंड हवा, लाइट हवी, धूर सोडायचं मशीन हवं. क्रिकेटवाल्यांना किट हवं. मुलींच्या खो-खोला तीन हजार धरले होते, कारण ‘तुम्हाला काय लागतं? दोन खांब आणि मैदान.’ त्यांची कॅप्टन एरवी बोलत नाही. ती उठून म्हणाली, “आमचा खेळ स्वस्त आहे, म्हणून आम्ही कऱ्हाडला चालत जायचं का?” सामने कऱ्हाडला होते. त्यावर सांस्कृतिकवाल्याचं उत्तर तयार: २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे तुमचा प्रवासही निम्म्यात. सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन वहीत आकडे मांडले तेव्हा कळलं, आपण कशाला हसलो ते. सवलत सरकारने मुलींना दिलेली, आणि ती आम्ही परस्पर धुराच्या मशीनला देत होतो. दुसऱ्या दिवशी खो-खोचे साडेसात हजार केले, नी-कॅपसकट. धुराचं मशीन गेलं. सांस्कृतिकवाला चार दिवस बोलत नव्हता, पाचव्या दिवशी वडापाव मागायला आला.

आणि मग मंडपवाले दादा. मंडप, स्टेज, खुर्च्या, लाइट असे बत्तीस हजार ठरले. चहा झाला, त्यांनी बिलबुक काढलं, कार्बन घातला, पेनचं टोपण काढलं आणि अगदी सहज विचारलं, “ताई, बिल कितीचं करू?”

मला खरंच कळलं नाही. म्हटलं, बत्तीसचं. ते म्हणाले, “तसं नाही. मागच्या वर्षी अडतीसचं केलं होतं. पैसे बत्तीसच घेतले हो आम्ही.” जणू त्यांच्यावर आळ येईल याचीच त्यांना काळजी.

बी.कॉम.ची सवय, मी आधी डोक्यात जीएसटी लावून बघितला. बत्तीसवर १८ टक्के म्हणजे ३७,७६०. अडतीसच्या जवळ येतं! इतकं बरं वाटलं मला. कॉलेजात जाऊन मागच्या वर्षीची फाइल काढली. साधं बिल, त्यावर जीएसटी नंबर नाही, कर नाही, नुसतं ‘मंडप व इतर – ३८,०००’.

मागच्या वर्षीचा खजिनदार चोर नाही. हे मी त्याची बाजू घ्यायची म्हणून लिहीत नाही, मला ते सहा हजार कुठे गेले ते माहीत आहे. गॅदरिंगच्या रात्री दीड वाजता खुर्च्या उचलून झाल्यावर त्याने आम्हा साठेक जणांना मिसळ खाऊ घातली होती. वर ताक. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. मी दोन प्लेट खाल्ल्या होत्या, तिसऱ्यांदा कटही मागितला होता. पैसे कुठून आले, हे कुणी विचारलं नाही. बी.कॉम.वालीनेही नाही.

तो तरी काय करणार होता? बजेटमध्ये पाहुण्यांच्या जेवणाला जागा आहे, परीक्षकांच्या नाश्त्याला आहे, राबणाऱ्या पोरांच्या घासाला नाही. मग तो घास मंडपाच्या बिलात लपवावा लागतो. एकदा मंडपाचं बिल फुगवता येतं हे कळलं, की पुढच्याला मिसळीपुरतंच फुगवायचं बंधन थोडंच आहे?

मी बत्तीसचंच बिल घेतलं, चेकने पैसे दिले आणि परिषदेत एक नवी ओळ मागितली: ‘कार्यकर्ते जेवण, ६० जण, दर ९०, एकूण ५,४००.’ वाटलं होतं सगळे टाळ्या वाजवतील. उलट सांस्कृतिकवाला म्हणाला, “असं उघड लिहू नकोस गं. लोक म्हणतील, आमच्या पैशावर हे जेवले.” म्हटलं, जेवणारच आहोत ना? मग म्हणू देत. सरांनी चष्मा वर करून आकडा बघितला आणि सही केली. नव्वदमध्ये ताक बसलं नाही, तेवढं ऐकून घ्यावं लागलं.

हे सगळं मोठ्या तोंडाने लिहितेय, तर आता माझंही लिहिते. परिषदेचं खातं प्राचार्य आणि सरांच्या जोड सहीचं. क्यूआर कोड नाही. खाऊच्या आठ स्टॉलची अनामत ५०० प्रमाणे घ्यायची होती, मी माझाच क्यूआर पुढे केला. चार हजार माझ्या खात्यात. त्याच खात्यात आई मेसचे पैसे टाकते. त्या आठवड्यात तिचे यायला उशीर झाला आणि मी रिचार्ज केला, मेसला आगाऊ भरले. खात्यात २,२१० उरले. म्हणजे दोन दिवस मी स्टॉलवाल्यांच्या पैशावर जेवत होते. आईचे पैसे आले, अनामत सगळ्यांना वेळेवर परत गेली, कुणाला काही कळलं नाही. पण त्या दोन दिवसांत कुणी येऊन ‘स्टॉल नको, आमचे पाचशे परत दे’ म्हणालं असतं तर? एकाला देता आले असते. चौघांनाही. पाचव्याला काय सांगितलं असतं, ते अजून सुचत नाही. पुढच्या वर्षी जो कोणी येईल त्याच्यासाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: स्वतःचा क्यूआर दाखवायचा नाही. का, ते नाही लिहिलं. ते उद्या लिहीन.

राहिले ३४०. ‘किरकोळ’ या ओळीत आत्ता १,११५ आहेत. सुतळी, सेलोटेप, पिना, रिक्षा. त्याचे १,४५५ केले की ताळा जमतो आणि मी झोपायला मोकळी. किरकोळला कुणी पावती मागत नाही. काल सरांना भीत भीत सांगितलं, सर, थोडे कमी पडताहेत, मी घालू का? तर म्हणाले, “घातलेस तर पुढच्या वेळी जास्त आले की काढशीलही. कमी आहेत तर कमी लिही.”

लिहिलं. ‘तूट (हिशेब न लागलेली) – ३४०.’ लाल पेनने लिहिणार होते, मग निळ्यानेच लिहिलं. पूर्ण पान पुन्हा स्वच्छ उतरवलंय, नोटीस बोर्डासाठी. मिसळीची ओळ तुटीच्या बरोबर वर आलीय, म्हणजे सगळे तिथेच बोट ठेवणार.

काचेच्या बोर्डाची किल्ली शिपाईमामांकडे असते आणि ते साडेआठलाच येतात. चार पिना बरोबर न्यायच्या. मागच्या उरल्यात त्या डब्याच्या तळाशी आहेत, वेलचीसकट.